सुई-दोऱ्याबरोबर हिशेबाची वही

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. लिहिणाऱ्या भगिनी एका तालुक्याच्या गावच्या. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, तेव्हा ते छापत नाही. पण त्यांचा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरात आज ना उद्या उभा राहणार आहे.

त्यांची मुलगी यंदा बी.कॉम. झाली. मार्क चांगले. घरच्यांना वाटत होतं, आता बँकेच्या परीक्षा देईल, नाहीतर एक-दोन वर्षांत लग्न. पण मुलीने एके दिवशी जेवता जेवता सांगून टाकलं, "मला कपड्यांचं डिझायनिंग शिकायचंय, आणि तेही परदेशी जाऊन." आजींच्या हातातला घास हातातच राहिला. वडील म्हणाले, "शिंपीकाम शिकायचं होतं तर बी.कॉम. कशाला झालीस?" तेव्हा मुलीने थायलंडच्या एका मुलाचं उदाहरण काढलं. तो अमेरिकेत गेला, कपडे करू लागला आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोनेच त्याचा ड्रेस घातला!

बाई विचारतात, "तिच्या लग्नासाठी म्हणून आम्ही बँकेत एक ठेव ठेवली आहे. ती मोडून हिला पाठवावं का? आणि हा मुलगा कोण? त्याचं खरंच एवढं झालं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पहिल्याचं त्यातूनच निघेल.

त्या मुलाचं नाव थाकून पानिचगुल. ऐकायला अगदी परकं वाटतं, नाही? पण थायलंडमधली पुष्कळ नावं मुळात संस्कृतातून गेलेली आहेत. तिकडे शब्दाच्या शेवटी आलेल्या 'र'चा उच्चार 'न' होतो. म्हणजे थाकून हा आपला ठाकूर, आणि पानिचगुल म्हणजे वाणिज-कुल, व्यापाऱ्याचं घराणं. या नावातली गंमत लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

तो जन्मला १९७४ साली, थायलंडमध्ये. म्हणजे आज त्याने पन्नाशी ओलांडली आहे. पण ही गोष्ट त्याच्या तरुणपणाची, म्हणून मी त्याला 'तो'च म्हणणार, बरं का!

अकराव्या वर्षी तो अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात राहायला आला. नेब्रास्का म्हणजे मक्याची शेतं आणि गुरांचे कळप यांचा प्रांत. फॅशनच्या न्यूयॉर्कपासून कुठल्या कुठे! अकरा वर्षांचं वय मोठं अडनिडं असतं. बदलीच्या नोकरीमुळे ज्यांनी मुलांना सहावीत एका गावाहून दुसऱ्या गावी हलवलं असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे तर देश बदलला, भाषा बदलली, अंगावरचे कपडेसुद्धा बदलले.

आणि कपड्यांच्या बाबतीत थायलंड काही साधासुधा देश नाही. तिथे 'चोंग क्राबेन' नावाचा जुना पेहराव आहे. लांब कापड कमरेला गुंडाळायचं, पुढची टोकं एकत्र वळून पायांमधून मागे न्यायची आणि पाठीशी खोचायची. म्हणजे आपला काष्टाच की! बायका आणि पुरुष दोघेही तो नेसत. 'मुदमी' नावाचं रेशीम तिथे विणतात, त्यात सूत आधी बांधून रंगवतात आणि मग मागावर चढवतात. पटोल्याची ओळख असलेल्या बाईला त्यातली मेहनत लगेच कळेल. १९६० साली थायलंडच्या राणी सिरिकित युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाल्या, तेव्हा त्यांचे कपडे पॅरिसच्या पिएर बालमें यांनी केले आणि त्यांच्या अंगावरचं थाई रेशीम जगाने पाहिलं. २०२५च्या ऑक्टोबरात राणीसाहेब वारल्या, तेव्हा त्या कपड्यांचे फोटो पुन्हा जगभर छापून आले. त्या वेळी कापड थायलंडचं होतं, पण कात्री पॅरिसची. थायलंडमध्ये जन्मलेल्या माणसाच्या हातात न्यूयॉर्कची कात्री यायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली.

ती कशी आली, हे त्या बी.कॉम. मुलीने नीट वाचावं. थाकून शाळा संपवून थेट डिझायनिंग शिकायला गेला नाही. बॉस्टन विद्यापीठात त्याने व्यवसाय-व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि १९९७ साली पदवी मिळवली. आपल्याकडच्या बी.कॉम.ची चुलत बहीणच म्हणा ना! नावातलं वाणिज-कुल खरं केलं. मग तो न्यूयॉर्कला गेला आणि 'हार्पर्स बझार' या फॅशनच्या मासिकात नोकरीला लागला. तिथे काम लिहिण्याचं होतं, शिवण्याचं नाही. पण मोठमोठ्या लोकांचे कपडे रोज डोळ्यांखालून जात. काय टिकतं, काय पडतं, दुकानदार काय उचलतात, हे त्याने तिथे बसून पाहिलं. कपडे बेतायचं रीतसर शिक्षण त्याने २००१ ते २००३च्या सुमारास पार्सन्स या न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या संस्थेत घेतलं, तेही नोकरी सांभाळून. पहिला स्वतःचा संग्रह त्याने मांडला तो २००४ साली. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर.

म्हणजे पदवीपासून पहिल्या संग्रहापर्यंत सात वर्षं. मुलीने दाखवलेल्या चित्रात ही सात वर्षं कुठेच दिसत नाहीत.

पुढची पायरी २००६ची. अमेरिकेतल्या डिझायनरांची संघटना आणि 'व्होग' मासिक मिळून होतकरू डिझायनरांसाठी एक स्पर्धा घेतात. त्यात तो उपविजेता ठरला. मग 'गॅप' या कपड्यांच्या मोठ्या कंपनीसाठी २००७ साली त्याने पांढरे शर्ट बेतून दिले. 'व्होग'च्या तेव्हाच्या संपादिका अ‍ॅना विंटूर यांच्यावर 'द सप्टेंबर इश्यू' नावाचा माहितीपट २००९ साली आला, त्यात हा तरुण त्यांच्यासमोर आपलं काम दाखवताना दिसतो. चेहऱ्यावरचा ताण लपत नाही. पहिल्यांदा शिवलेलं ब्लाउज गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून आरशासमोर उभं करताना आपला चेहरा होतो ना, अगदी तस्साच!

आता त्या प्रसिद्ध ड्रेसकडे येऊ. २८ ऑगस्ट २००८. डेन्व्हर शहरातलं भलंमोठं स्टेडियम. बराक ओबामा त्या रात्री राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारणार होते. ८० हजारांच्या आसपास माणसं समोर आणि घरोघरी टीव्ही लागलेले. मिशेल ओबामा काळ्या-लाल फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये व्यासपीठावर आल्या. तो ड्रेस थाकूनचा होता. मिशेलबाई तेव्हा उमेदवाराच्या पत्नी होत्या, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी व्हायला अजून काही महिने होते. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचं नाव झळकलं. त्याच वर्षाच्या शेवटी 'टार्गेट' या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या साखळीत त्याने बेतलेले कपडे सामान्य माणसाच्या खिशाला परवडतील अशा किमतीत आले.

आपल्याकडचा धागाही त्याच्या कपड्यांत एकदा आला. २०११च्या सप्टेंबरात त्याने मांडलेल्या संग्रहात राजस्थानी रंग आणि अमेरिकन गुराख्यांचा पेहराव यांची सांगड होती. ऐकून हसू येतं, पण विचार करा. अमेरिकन गुराखी गळ्यात बांधतो त्या रुमालाला ते लोक 'बँडाना' म्हणतात. तो शब्द आपल्याच बांधणीच्या घराण्यातला! आणि त्या रुमालावर असते ती नक्षी म्हणजे आपली कोयरी. काश्मिरी शालींवरून ती विलायतेत गेली आणि तिथून जगभर. दोन टोकांच्या दोन मुलखांतलं मूळचं नातं ओळखणं, हा खरा डिझायनरचा डोळा.

इथपर्यंतची गोष्ट मुलीने आईला सांगितली असणार. आता पुढची ऐका.

कपड्यांच्या धंद्यात पैसा कसा फिरतो? न्यूयॉर्कला सप्टेंबरात जे कपडे दाखवतात ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे. दुकानदार ते पाहून मागणी नोंदवतात. मग डिझायनरने कापड विकत घ्यायचं, कापणाऱ्याचे आणि शिवणाऱ्यांचे पैसे चुकते करायचे, महिनोन्‌महिने खपायचं आणि माल दुकानात पोचल्यावर पैशाची वाट पाहायची. तोवर पुढच्या संग्रहाचा खर्च सुरू झालेला असतो! दिवाळीच्या तोंडावर तीस ब्लाउज शिवायला घेणाऱ्या बाईला हे दुखणं पाठ असेल. अस्तर, दोरा, हुक सगळं पदरचं. ब्लाउज मात्र पाडव्याला अंगावर आणि पैसे "पुढच्या महिन्यात हं, वहिनी!" तिचं कौतुक सगळी आळी करते, पण वाण्याचं बिल कौतुकाने भागत नाही.

थाकूनचं नाव झालं तरी गाडा ओढायला मोठं भांडवल लागत होतंच. २०१५च्या शेवटी हाँगकाँगच्या एका बड्या वस्त्रोद्योजक घराण्याच्या कंपनीने त्याच्या व्यवसायात मोठा हिस्सा घेतला. याच घराण्याने टॉमी हिलफिगर आणि मायकेल कोर्स ही नावं मोठी केली होती. २०१६च्या सप्टेंबरात नवी पद्धत सुरू झाली. सहा महिने थांबायचं नाही, आज दाखवायचं ते आजच विकायचं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात स्वतःचं दुकान उघडलं. कल्पना छानच होती. पण यात दुकानदारांची मागणी आधी कळत नाही. काय खपेल याचा अंदाज बांधून माल स्वतःच्या जोखमीवर आधीच तयार ठेवावा लागतो. खपला तर सोनं, नाही तर कपाटात ओझं.

आणि २०१७ साली व्यवसाय थांबवला गेला. मिशेलबाईंच्या त्या रात्रीला तेव्हा नऊ वर्षंही झाली नव्हती.

मैत्रिणींनो, हे वाचून "बघा, मी म्हणत नव्हतो!" असं घरातलं कुणीतरी म्हणेल. त्यांना म्हणावं, जरा थांबा, गोष्ट संपलेली नाही. २०१९ साली थाकूनने आपल्या नावाने पुन्हा सुरुवात केली. या खेपेला किमती उतरवल्या, आणि माल मोठ्या दुकानांतून न जाता इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकाकडे. त्याच वर्षी त्याने 'होमगर्ल्स' नावाचं मासिकही काढलं. पुरुषी धाटणीचे कपडे बायका कशा वापरतात, त्याला वाहिलेलं. पुढे त्या नावाने कपडेही निघाले. तरुणपणी मासिकात नोकरी केली होती ना, ते शिकलेलं इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडलं. आपण उसवलेल्या जुन्या साडीचे काठ जपून ठेवतो आणि दहा वर्षांनी ते नातीच्या परकराला लागतात, तसंच हे. शिकलेलं वाया जात नाही.

आता त्या पत्राचं उत्तर.

बाई, तुमच्या मुलीने उदाहरण चांगलं निवडलं आहे. फक्त तिने ते अर्धंच वाचलं आहे. तेव्हा तिला बोलावून, शक्यतो वडिलांच्या समोर, पुढच्या गोष्टी शांतपणे सांगा.

पहिली गोष्ट. थाकून अकराव्या वर्षापासून अमेरिकेत वाढला. त्याने नोकरी करता करता शिक्षण घेतलं, ते त्याला शक्य होतं. तुमची मुलगी एकविसाव्या वर्षी विद्यार्थी-व्हिसावर जाणार. त्या व्हिसावर बाहेर कुठेही, मन मानेल तशी नोकरी करता येत नाही. म्हणजे फी आणि राहण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून घरून जाणार. कुठल्याही देशात पाठवायचं झालं, तरी तिथल्या वकिलातीचे नियम आधी वाचा. एजंट सांगतो ते नव्हे, नियमात लिहिलेलं असतं ते.

दुसरी. तिला हाताने काय येतं ते पाहा. रागावू नका, पण पुष्कळ मुलींना चित्र काढता येतं आणि बाही लावता येत नाही. घरातली एक जुनी सुती साडी तिला द्या. त्यातून एक पूर्ण कपडा तिने स्वतः बेतावा, कापावा, शिवावा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर नीट बसवावा. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या! एक नाही, सहा करायला सांगा. सहावा कपडा संपेपर्यंत तिचा उत्साह टिकला, तर ही नुसती हौस नव्हे हे तुम्हालाही कळेल आणि तिलाही.

तिसरी. प्रत्येक कपड्याचा हिशेब तिने वहीत लिहावा. कापड, दोरा, अस्तर, वीज, आणि स्वतःचे तास. हो, स्वतःचे तासही! बायकांच्या हिशेबात नेमका तोच रकाना कोरा असतो. बी.कॉम. झालेल्या मुलीला हे जड जाऊ नये. तिचं बी.कॉम. वाया गेलं असं वडिलांना वाटतं ना? त्यांना सांगा, ज्याचं उदाहरण ती देते त्याचं पहिलं शिक्षण हेच होतं.

चौथी. शिक्षणाची पहिली पायरी इथेच चढता येते का ते पाहावं. फॅशन शिकवणारी 'निफ्ट' ही सरकारी संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली आणि मुंबईतही तिचं केंद्र आहे. प्रवेश-परीक्षा असते. तिथे किंवा एखाद्या कपड्यांच्या व्यवसायात दोन वर्षं काढून मग परदेशी गेलेली मुलगी काय विचारायचं ते ठरवून जाते. कोरी पाटी घेऊन गेलेली मुलगी नुसती पाहत राहते.

आणि ठेव? माझं मत विचाराल तर ती आज मोडू नका. पण तिच्यावरची 'लग्नासाठी' ही चिठ्ठी मात्र आजच काढून टाका. ती ठेव मुलीची आहे. वर्ष-दोन वर्षांत तिने सहा कपडे, वहीतला हिशेब आणि हातचं काम दाखवलं, तर तिच्या शिक्षणासाठी ती मोडताना तुमचा हात कापू नये. मात्र सगळीच्या सगळी एकदम लावू नका. थोडी मागे राहू द्या. थांबावं लागलं तर परत उभं राहण्यापुरतं गाठीशी असावं. थाकूनसारख्यालाही थांबावं लागलं, मग आपल्या लेकीला लागणारच नाही असं कसं म्हणता येईल? तिला जाताना एवढंच सांगा, की काम थांबलं म्हणून तोंड लपवून बसायचं नाही. घरी ये, चार दिवस आईच्या हातचं जेव, आणि पुन्हा सुईत दोरा ओव.

आजींनाही एक निरोप. आजी, शिंपीकाम म्हणून नाक मुरडू नका. तुमचं लुगडं, त्या थाई बायकांचं चोंग क्राबेन आणि मिशेलबाईंचा तो फुलाफुलांचा ड्रेस, सगळ्यामागे कुणाचे तरी हात आहेत आणि कुणाचे तरी डोळे शिणले आहेत. नातीला काष्टा कसा घालतात तो एकदा नीट दाखवून ठेवा. कुठल्या पुस्तकात तिला तो तुमच्याइतका चांगला सापडायचा नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंनी सहाव्या कपड्यानंतर काय झालं ते मला जरूर कळवावं. मी वाट पाहते आहे.

असो. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच.